चौकीवरून घराकडे : राखीव जवान आणि त्याचा घरचा संवाद

घरापासून दूर, खांद्यावर हत्यार घेऊन राहणारा माणूस घरच्यांशी काय बोलतो, कशाच्या आधारे बोलतो आणि त्या बोलण्यावर दोन्हीकडच्यांचं किती अवलंबून असतं, हा विषय आपल्याकडे सलगपणे फार कमी मांडला गेला आहे. लढायांचे इतिहास आहेत, शौर्यपदकांच्या याद्या आहेत, शहिदांची स्मारकं आहेत. रोजच्या तैनातीतल्या रोजच्या निरोपांची नोंद मात्र विस्कळीत आहे. देवरीसारख्या ठिकाणी राहणाऱ्याला हा विषय टाळता येत नाही. मुंबई–कोलकाता महामार्गावरचं, छत्तीसगडच्या सीमेला भिडलेलं हे तालुक्याचं गाव. इथे अपर पोलीस अधीक्षकांचा कॅम्प आहे, आणि चिचगडच्या पलीकडे जंगलात गणुटोला, मगरडोह यांसारखी सशस्त्र दूरक्षेत्रं आहेत. शेजारच्या सालेकसा तालुक्यातलं मुरकुटडोह त्याच साखळीतलं. नक्षलवादाच्या काळात राज्याच्या कानाकोपऱ्यांतले जवान या भागात आले, राहिले, बदलून गेले. त्यांतले कितीतरी नावाने आणि कामाने ‘राखीव’ होते.

राखीव म्हणजे नेमके कोण, हे आधी स्पष्ट केलं पाहिजे, कारण आपल्याकडे या नावाखाली तीन वेगवेगळ्या तऱ्हेची माणसं येतात.

पहिला राज्य राखीव पोलीस बलाचा, म्हणजे एसआरपीएफचा जवान. १९४८ साली उभं राहिलेलं आणि १९५१ च्या कायद्याने बांधलेलं हे दल. याची नोकरी पूर्णवेळची, पण मुक्काम कायमचा कुठेच नाही. दौंड, धुळे, सोलापूर, हिंगोली, जालना, अमरावती अशा ठिकाणी गटांची मुख्यालयं आहेत. गोंदियाजवळ बिरसीला गट क्रमांक १५ आहे, देसाईगंजजवळ विसोऱ्याला गट क्रमांक १३. कुठे दंगल झाली, निवडणूक लागली, जंगलातल्या चौकीवर मनुष्यबळ हवं झालं, की कंपनी निघते.

दुसरा प्रादेशिक सेनेचा, म्हणजे टेरिटोरियल आर्मीचा सैनिक. १९४८ च्या कायद्यातून आलेल्या या सेनेचं उद्घाटन ९ ऑक्टोबर १९४९ रोजी सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते झालं. एरवी दुकान, शेती, कचेरी सांभाळणारा माणूस बोलावणं आलं की गणवेश चढवतो. मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेल्या अशा बटालियन पुणे आणि कोल्हापूरला आहेत, तर नागपूरचा सीताबर्डीचा किल्ला ग्रेनेडियर्सच्या ११८ व्या बटालियनचं घर म्हणून ओळखला जातो. तिसरा गृहरक्षक, म्हणजे होमगार्ड. ६ डिसेंबर १९४६ रोजी मोरारजी देसाई यांनी मुंबईत ही संघटना सुरू केली. गावातला शेतकरी, मजूर, छोटा दुकानदार बंदोबस्ताच्या दिवसांपुरता खाकी घालतो आणि त्या दिवसांचाच भत्ता घेतो.

तिघांच्या कामाचं स्वरूप निराळं, पण एक गोष्ट समान आहे. तैनाती आली म्हणून यांचं मागचं आयुष्य थांबत नाही. पेरणी, कर्जाचा हप्ता, पोरीची परीक्षा, म्हाताऱ्याचं औषध हे सगळं तसंच चालू राहतं आणि त्यातलं बरंचसं त्यांना दुरून पेलावं लागतं. त्यांच्या घरच्या संवादाला खासगी बाब म्हणून सोडून देण्याची आपली सवय इथेच चुकते. हा संवाद सेवेचाच भाग आहे आणि त्याची व्यवस्था सेवेने केली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. ते कशावरून बनलं हे पुढे मांडतो.

पत्र एकाचं, वाचणारे अनेक

मागे जायचं तर पहिल्या महायुद्धापासून सुरुवात करावी लागते. सैन्यातून घरी गेलेल्या पण राखीव यादीत नाव असलेल्या माणसांना परत बोलावण्याची पद्धत हिंदी सैन्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच रुळली होती. १९१४ मध्ये बोलावणी सुटली तेव्हा त्यातले अनेक जण वयाने उतरलेले आणि शेतीत रमलेले होते. त्या सप्टेंबरअखेर हिंदी फौजा फ्रान्समध्ये मार्सेयला उतरल्या. मराठा पलटणींच्या वाट्याला मुख्यतः मेसोपोटेमिया आला. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या. वेढा शरणागतीने संपला आणि माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. सातारा–रत्नागिरीकडच्या घरांना त्या काळात काय कळत असेल, याचा अंदाज करणंही जड जातं. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या महायुद्धात कामी आले. एका गावात इतक्या वाईट बातम्या एकाच युद्धातून येऊन पोचल्या.

फ्रान्समधल्या हिंदी सैनिकांच्या पत्रांचा मोठा साठा उरला, तो सेन्सॉरमुळे. पत्रं तपासणारी कचेरी त्यांतले उतारे भाषांतर करून वरिष्ठांना पाठवत असे. ते उतारे लंडनला जपले गेले आणि डेव्हिड ओमिसी या इतिहासकाराने त्यांतले निवडक १९९९ मध्ये पुस्तकरूपाने आणले. त्यात पंजाबी पत्रं जास्त आहेत, पण त्यातून दिसणारी पद्धत सगळ्यांना लागू पडते. बहुतेक सैनिकांना लिहिता येत नसे. ते सांगत आणि दुसरा लिहून देई. मग पत्र सेन्सॉरच्या हाती जाई. गावात पोचल्यावर मास्तर, पोस्टमन किंवा शाळकरी पोरगा ते चारचौघांत वाचून दाखवी. म्हणून सैनिकांनी आडवळणं शोधली. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरी म्हणजे गोरे, अशा खुणेने किती माणसं खपली हे घरी कळवलं जाई. सेन्सॉरलाही ते उमजत असे.

मराठी पत्राचा घाटही या परिस्थितीशी जुळणाराच होता. ‘तीर्थस्वरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार, इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवणे’ इथून सुरुवात. मग ‘पत्रास कारण की’ म्हणून पैशाचा, बैलाचा, बांधाचा विषय. थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद. बायकोचा उल्लेख आला तर एका ओळीत, तोही सासऱ्याच्या नावे गेलेल्या पत्रात. जे मनात खदखदत असे ते बऱ्याचदा अगदी शेवटी, ‘ता. क.’ म्हणून कोपऱ्यात उतरे : धाकट्याला शाळेतून काढू नका, आईला डॉक्टरकडे न्या, रजेचं अजून नक्की नाही. चारचौघांत वाचल्या जाणाऱ्या कागदावर माणूस जितकं सांगू शकतो तितकंच हे लिहिणारे सांगत होते. त्यांच्या भावना कोरड्या होत्या असा निष्कर्ष काढणं अन्यायाचं होईल.

छप्पन एपीओ आणि पत्ता नसलेलं टपाल

लष्कराने टपालाची गरज फार आधी ओळखली. १८५६ च्या इराण मोहिमेपासून मैदानी टपालाची परंपरा सांगितली जाते. १ मार्च १९७२ रोजी आर्मी पोस्टल सर्व्हिस हा स्वतंत्र कोर झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पिनकोड आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस आणि संस्कृतचे जाणकार. त्यांनी देशाचे नऊ विभाग केले, आठ भूगोलाचे आणि नववा लष्करी टपालाचा. सैनिक कुठे आहे हे न सांगता त्याच्यापर्यंत पत्र पोचवायचं, ही त्यातली योजना. युनिटचं नाव आणि ‘५६ एपीओ’ किंवा पूर्वेकडच्या तुकड्यांसाठी ‘९९ एपीओ’ एवढं लिहिलं की पत्र बर्फात, वाळवंटात, नदीकाठी, जिथे ती पलटण असेल तिथे जाई. कितीतरी मराठी घरांत छप्पन एपीओ हे गाव असावं इतकं ओळखीचं झालं होतं.

पत्र घेऊन येणारा माणूस, ते वाटण्याची वेळ, तिकिटाशिवाय जाणारं लष्करी अंतर्देशीय, रेडिओवर विविध भारतीचा फौजी भावांसाठीचा ‘जयमाला’ कार्यक्रम, या सगळ्यांमागे एक विचार होता : घरची खबर ही रसदीइतकीच लागते. प्रादेशिक सेनेचा माणूस बोलावणीच्या काळात या छत्राखाली येतो. राज्य राखीव दलाचा जवान आणि होमगार्ड मात्र येत नाही. तो राज्याचा माणूस, राज्यातच नेमलेला, त्यामुळे त्याच्यासाठी वेगळ्या टपालाची गरज कधी कुणाला वाटली नाही. गावापासून शेकडो किलोमीटर दूर आलेला धुळ्याचा किंवा सोलापूरचा जवान वर्षानुवर्षं स्थानिक पोस्टावर, महामार्गावरच्या एसटीडी बूथवर, रजेवर निघालेल्या सोबत्याच्या हाती दिलेल्या चिठ्ठीवर आणि नशिबावर विसंबून राहिला.

देवरीच्या जंगलातला दिवस

बाहेरून आलेल्या जवानाला हा मुलूख परका वाटतो, हे मान्य केलं पाहिजे. भाकरीच्या प्रदेशातून आलेल्या माणसाला दोन्ही वेळा भात मिळतो आणि पोट भरल्यासारखं वाटत नाही. कानावर गोंडी, हलबी, छत्तीसगढी आणि आमची झाडीबोली पडते. त्याची मराठी इथल्या आजीला अर्धीच कळते आणि तिची त्याला. पावसाळ्यात नाले फुगून रस्ते तुटतात, डासांमुळे मलेरियाची धास्ती असते. एप्रिल–मे महिन्यात मोह आणि तेंदूपत्ता वेचायला पहाटेच माणसं जंगलात शिरतात, आणि अंधारात हललेली सावली वेचणाऱ्याची की आणखी कुणाची, हे संत्री ड्युटीवरच्याला क्षणात ठरवावं लागतं.

दिवसाची घडी ठरलेली. गणती, मोर्च्यावरचा पहारा, रस्ता तपासण्याचं काम, कधी दोन–तीन दिवसांची गस्त, परतल्यावर हत्यार साफ करणं, मेसची पाळी. रस्ता तपासणी हा शब्द साधा दिसतो. प्रत्येक पुलाखाली, प्रत्येक मोरीत, नव्याने उकरलेल्या मातीपाशी भूसुरुंग नाही ना हे पाहत पायी चालायचं असतं. १ मे २०१९ रोजी शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात, कुरखेडा तालुक्यातल्या जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि वाहनाचा चालक मारले गेले. महाराष्ट्र दिनाचा तो दिवस. देवरीहून चिचगड, कोरची करत जाणारा रस्ता त्याच बाजूला उतरतो. त्याआधी २००९ हे एकच वर्ष गडचिरोलीत मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी अशा तीन मोठ्या घटनांनी काळवंडलं होतं. प्रत्येक ठिकाणी पंधरा किंवा त्याहून अधिक पोलीस गेले. अशा बातमीनंतर या पट्ट्यातल्या प्रत्येक चौकीवरच्या प्रत्येक जवानाच्या घरचा फोन वाजतो. तो उचलला जाईपर्यंतची मिनिटं ज्या घरांनी काढली आहेत त्यांना या लेखातलं काहीच नव्याने सांगायला नको.

आता चित्र पालटतं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. पोलीस ठाण्यांतून ‘दादालोरा खिडकी’सारख्या योजनांतून गावकऱ्यांची दाखल्यांची, योजनांची कामं होतात. चौक्यांवरचा ताण उतरेल, ही आशा आता पोकळ राहिलेली नाही. पण चौकी उठली तरी कंपनी उठून कुठे जाते? दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यातल्या निवडणुकीला, शहरातल्या मोर्च्याला. राखीव जवानाची तैनाती संपत नाही, ठिकाण बदलतं.

फोन आला, मग काय झालं?

गेल्या वीस वर्षांत सर्वांत मोठा बदल मोबाइलने केला. नक्षलग्रस्त भागांत टॉवर उभारण्याची केंद्राची योजना २०१४ मध्ये मंजूर झाली आणि त्यातून दोन हजारांहून अधिक टॉवर उभे राहिले. पुढच्या टप्प्यात फोर-जी आलं. जिथे टॉवर पोचत नाही तिथल्या सैनिकांना आणि निमलष्करी जवानांना उपग्रह फोनचा दर मिनिटाला ५ रुपये पडत असे, तो २०१७ च्या दिवाळीत १ रुपयावर आला आणि ५०० रुपयांचं मासिक शुल्कही गेलं. या दोन्ही निर्णयांनी प्रत्यक्षात माणसं जवळ आणली, आणि त्यांचं श्रेय द्यायला हवं.

आता चौकीच्या आवारात रेंज पकडणारी एखादी जागा असते. तिथे संध्याकाळी माणसं जमतात. एक जण पोराला गृहपाठाचं विचारतो, दुसरा बायकोशी भिंतीकडे तोंड करून हळू आवाजात बोलतो, तिसरा नुसताच फोन धरून उभा असतो, कारण घरचं मूल झोपलेलं असतं आणि त्याला ते झोपलेलं पाहायचं असतं. एकांत इथेही नाही. पूर्वी पत्र गावात मोठ्याने वाचलं जाई, आता बोलणं बराकीत सगळ्यांच्या कानांवर पडतं आणि घरी स्पीकरवर असतं.

सुरक्षेची बंधनंही आली. जुलै २०२० मध्ये लष्कराने आपल्या जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप काढून टाकायला सांगितली. गस्तीचं ठिकाण, माणसांची संख्या, निघण्याची वेळ यांतलं काही फोटोतून किंवा बोलण्यातून बाहेर गेलं तर जिवावर बेतू शकतं, तेव्हा या बंधनाला वाजवी कारण आहे. जे बंधन पाळायचं त्याचं कारण घरच्यांनाही समजावून सांगितलं गेलं, तर ‘फोन का लागत नाही’ या प्रश्नातली निम्मी धास्ती कमी होईल. आज ते समजावण्याचं काम जवानावरच पडतं, आणि तो ‘रेंज नव्हती’ म्हणून वेळ मारून नेतो.

फोनचा दुसरा परिणाम कमी बोलला जातो. पत्र लिहिताना माणसाला विचार करायला वेळ मिळे. रागाच्या भरात लिहिलेलं पत्र पाठवायच्या आधी फाडता येई. फोनवर घरचं भांडण जसंच्या तसं चौकीवर येतं आणि पाच मिनिटांनी त्याच माणसाला भरलेली रायफल घेऊन मोर्च्यावर उभं राहावं लागतं. अमेरिकी सैनिक दांपत्यांवरच्या एका अभ्यासात असं दिसलं, की ज्यांचं नातं समाधानाचं होतं त्यांच्यात पत्र, ई-मेल अशा सावकाश पोचणाऱ्या संवादाचं प्रमाण जास्त असेल तर परतलेल्या सैनिकाच्या मनावरच्या आघाताच्या खुणा कमी होत्या. नात्यात समाधान नसेल तर हा फायदा दिसला नाही. यातून फोन वाईट असा अर्थ निघत नाही. सावकाश सांगण्याची जागाही माणसाला हवी असते, आणि आपण ती जवळजवळ गमावली आहे.

दुरून चालवलेलं घर

राखीव जवानाच्या बोलण्यातला मोठा हिस्सा कामाच्या सूचनांचा असतो. गोंदिया जिल्ह्यातला होमगार्ड जुलै–ऑगस्टमध्ये सणांच्या बंदोबस्ताला निघाला, तर इकडे रोवणीचे दिवस असतात. बांधीत पाणी किती ठेवायचं, मजूर कुणाच्या ओळखीने आणायचे, खत सोसायटीतून उचललं का, हे तो फोनवरून विचारतो. हिवाळ्यात आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्रावर धान नेण्याचा नंबर लागला का, सातबारा ऑनलाइन चढला का, धानाचे चुकारे खात्यात पडले का, हेच विषय पुन्हा. शंभर वर्षांपूर्वीच्या पत्रांतही बैल, बांध आणि सावकारच होते. गणवेश चढवला म्हणून शेतकऱ्याचं शेतकरीपण उतरत नाही.

या सगळ्याचा भार घरी राहणाऱ्या बाईवर येतो आणि तिच्या कष्टांची दखल सर्वांत कमी घेतली जाते. बँकेत, तलाठ्याकडे, शाळेत तीच जाते. तिथे ‘घरच्या माणसाला पाठवा’ असं ऐकून परत येते, कारण सही त्याची लागते. एसआरपीएफच्या कुटुंबाचं दुखणं आणखी निराळं आहे. त्यांचं घर मुळातच तीन ठिकाणी विखुरलेलं असतं : म्हातारे आईवडील मूळ गावी, बायको–मुलं गटाच्या मुख्यालयातल्या क्वार्टरमध्ये, आणि तो स्वतः बंदोबस्तावर. त्याने घरी फोन करायचा म्हणजे दोन घरी करायचा, आणि दोन्हीकडचे रुसवे ऐकायचे. ठरावीक वर्षांच्या सेवेनंतर जिल्हा पोलिसांत जाण्याची मुभा या जवानांना इतकी मोलाची का वाटते, याचं उत्तर या विखुरलेपणात आहे.

पैशाची बाजूही याच संवादात येते. नक्षलग्रस्त भागातल्या सरकारी कर्मचाऱ्यांना एकस्तर वेतनश्रेणीचा लाभ मिळतो. पोलिसांना गडचिरोलीसारख्या ठिकाणी वाढीव वेतन आहे. होमगार्डचा दिवसाचा भत्ता २०२४ मध्ये ५७० वरून १,०८३ रुपयांवर गेला, ही मोठी आणि योग्य वाढ होती. पण काम असेल त्या दिवसाचाच भत्ता, आणि तो हातात कधी पडणार याची खात्री नसेल, तर दूर बंदोबस्ताला गेलेल्या माणसाला घरी सांगण्यासारखं फार उरत नाही. ‘पैसे आले का’ आणि ‘अजून नाही’ यांवरच कितीतरी फोन संपतात.

जे सांगितलं जात नाही

पत्रापासून व्हिडिओ कॉलपर्यंत सगळं बदललं, एक गोष्ट बदलली नाही : दोन्ही बाजू एकमेकांपासून लपवतात. तो सांगत नाही की काल शेजारच्या पट्ट्यात चकमक झाली, पायात जखम आहे, चार रात्री झोप नाही. ती सांगत नाही की सासऱ्यांना दवाखान्यात ठेवलं होतं, मुलगा वर्गात कुणाशी बोलत नाही, दागिना गहाण टाकला. दोघंही समोरच्याला जपतात. या जपण्यात खरं प्रेम आहे आणि त्याबद्दल कुणी कुणाला बोल लावू नये. पण महिनोन्‌महिने असं चाललं की दोघांनाही ठाऊक असतं की समोरचा काहीतरी दडवतो आहे. मग ‘सगळं ठीक आहे’ हे ऐकून धीर येण्याऐवजी शंका वाढते.

याचा परिणाम किती खोल असतो हे ब्रिटनमधल्या एका संशोधनाने दाखवलं. २००३ च्या इराक युद्धात गेलेल्या ब्रिटिश सैनिकांचा लंडनच्या किंग्ज कॉलेजने अभ्यास केला; त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. कायम सेवेतल्या सैनिकांवर तैनातीचा मानसिक परिणाम अपेक्षेपेक्षा कमी दिसला. राखीव सैनिकांवर मात्र तो स्पष्ट दिसला. त्याच गटाने पुढे कारणं शोधली. बहुतेक तक्रारींमागे युद्धातले अनुभव आणि तुकडीतला कमी एकोपा होता. पण मनावरच्या आघाताची जी लक्षणं राहून जातात, त्यांच्याशी सर्वांत जवळचा संबंध घरच्या अडचणींचा निघाला. युद्धभूमीवरच्या घटनांचा त्यामानाने कमी. माझ्या मते या साऱ्या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं निरीक्षण हेच आहे. कायम सैनिक परततो तो छावणीत, त्याच सोबत्यांमध्ये, त्याच रोजच्या शिस्तीत. राखीव सैनिक परततो तो दुकानात, कचेरीत, शेतात, जिथे त्याने काय पाहिलं हे विचारणारं आणि समजणारं कुणी नसतं. त्याच्याजवळ घरच असतं. ते घर तैनातीच्या काळात त्याच्यापासून तुटलं, तर परतल्यावर टेकायला जागा राहत नाही.

बोलावणं आलं तर

हा विचार आज अधिक तातडीचा झाला आहे. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या दिवसांत केंद्राने लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेनेला पाचारण करण्याचे अधिकार दिले आणि ३२ पायदळ बटालियनपैकी १४ तैनात करण्यास मान्यता दिली. कचेरीत बसलेला, वर्गात शिकवणारा, गॅरेज चालवणारा माणूस उद्या सीमेवर असू शकतो, हे त्या एका आदेशाने लख्ख दिसलं. महेंद्रसिंह धोनीने २०१९ मध्ये काश्मीरमध्ये आपल्या पॅरा बटालियनबरोबर दोन आठवडे पहारा आणि गस्त केली तेव्हा प्रादेशिक सेनेचं नाव घरोघरी पोचलं. पण सर्वसामान्य नागरिक-सैनिकाची काळजी वेगळी असते : आपण गेल्यावर नोकरी राहील का, दुकान कोण उघडेल.

कायदा इथे त्याच्या बाजूने आहे. प्रादेशिक सेना कायद्याच्या कलम ७ प्रमाणे बोलावणीवरून परतलेल्याला पूर्वीच्या नोकरीत घेणं मालकावर बंधनकारक आहे. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने राखीव सैनिकाच्या नोकरीला असंच संरक्षण दिलं. इस्रायलमध्ये तर बहुतेक घरांना राखीव सेवेची सवयच आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथे तीन लाखांहून अधिक राखीव सैनिकांना बोलावणं गेलं. कोकणातून गेलेल्या, घरी मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली कुटुंबांनाही तिथल्या समाजाचा भाग म्हणून ही सेवा लागू आहे. आपल्याकडे कायदा आहे, पण तो किती मालकांना आणि किती सैनिकांना माहीत आहे, हा प्रश्न रास्त आहे. स्वतःचा धंदा असलेल्याला, रोजंदारीवाल्याला आणि शेतकऱ्याला तर परत ‘घेणारा’ मालकच नसतो. त्याची घडी त्यालाच पुन्हा बसवावी लागते.

काय व्हायला हवं

या आढाव्यातून काही ठोस गोष्टी हाती लागतात, आणि त्या अवाक्यातल्या आहेत.

पहिली, संवादाची वेळ ड्युटीच्या तक्त्यात हवी. पहारा, मेस आणि विश्रांती लिहितात तसंच घरी बोलण्याचा अर्धा तास लिहिला गेला, आणि त्यासाठी चौकीत आडोशाची एखादी खोली दिली गेली, तर खर्च फारसा नाही आणि लाभ मोठा आहे. गस्तीमुळे ती वेळ हुकली तर मुख्यालयातून घरी ‘माणूस सुखरूप आहे, फोन उद्या येईल’ एवढा अधिकृत निरोप जावा.

दुसरी, प्रत्येक गटात आणि बटालियनमध्ये कुटुंबांसाठी एक नेमलेला माणूस हवा, ज्याचा नंबर घरी भिंतीवर लिहिलेला असेल. वाईट बातमी टीव्हीवरून किंवा व्हॉट्सॲपवरून कळण्याआधी ती त्याच्याकडून कळली पाहिजे. सातबारा, शाळेचा दाखला, बँकेची सही यांत अडकलेल्या बाईला तहसीलपर्यंत सोबत करणं हेही त्याचं काम असावं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं माजी सैनिकांसाठी जे करतात, त्याचा विस्तार राखीव पोलीस आणि होमगार्डच्या घरांपर्यंत करता येईल.

तिसरी, रजेचा भरवसा. केंद्रीय सशस्त्र दलांच्या जवानाला वर्षातले शंभर दिवस कुटुंबासोबत मिळावेत, हे उद्दिष्ट केंद्रीय गृहमंत्र्यांनी जाहीर केलेलं आहे. राज्याच्या राखीव दलासाठी तसंच उद्दिष्ट ठरवून दरवर्षी त्याचा हिशेब मांडला जावा. ऐनवेळी रद्द झालेली रजा घरच्या विश्वासाला जितका तडा देते तितका दुसऱ्या कशानेही जात नाही.

चौथी, परतल्यानंतरचे दिवस. तैनातीवरून आलेल्या राखीव माणसाला घरी सोडण्याआधी दोन दिवस त्याच्या तुकडीबरोबर थांबवून, एकमेकांशी आणि गरज असेल तर समुपदेशकाशी बोलू द्यावं. काही महिन्यांनी त्याच्या घरच्यांनाही विचारावं, तो कसा आहे. उत्तर बहुतेक वेळा तेच देऊ शकतात.

शेवटची गोष्ट आपली, म्हणजे गावाची. देवरीसारख्या ठिकाणी आपण या जवानांना वर्षानुवर्षं चहाच्या टपरीवर, आठवडी बाजारात, एसटीत पाहत आलो. त्यांतले काही इथल्याच बोलीत बोलायला शिकले, काहींनी चौकीजवळच्या पोरांना अभ्यासात मदत केली. आपल्याच तालुक्यांतली पोरंही अशाच नोकऱ्यांवर दुसरीकडे राहतात आणि तिथली माणसं त्यांच्याशी कशी वागतात याची चिंता आपल्याला असते. राखीव जवान गरजेला धावून येतो, म्हणूनच त्याला राखीव म्हणतात. त्याच्या गरजेच्या वेळी त्याचं घर त्याच्या जवळ राहील एवढी तजवीज करणं हे शासनाचं काम आहे, आणि ती व्हावी म्हणून मागे लागणं आपलं.